दोन पाडव्यांचा धंदा

मांजरसुंब्याच्या चौकात आप्पाच्या धंद्यांवर ज्याचं घर चाललं असा माणूस एकच, तो म्हणजे मी. मी पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचं काम केलं सगळी उमर. खरं नाव आधार कार्डावर आहे, बाकी बायकोसुद्धा मला पेंटरच म्हणते. आता फ्लेक्स आलेत, मशीनमधून माणसाचा फोटो दातांसकट छापून निघतो, त्यामुळं आमचा ब्रश खुंटीला. पण फ्लेक्स आल्यावरही मला काम देणारा एक माणूस चौकात होता. त्याला जाऊन वर्ष होऊन गेलं. परवा कुणीतरी विचारलं, पेंटर, सगळ्यात जास्त पाट्या कुणाच्या रंगवल्या? मी आप्पाचं नाव घेतलं आणि मग दिवसभर दुसरं काही सुचलंच नाही.

मन्मथआप्पा. जातीचा वाणी, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, पायजमा गुडघ्यापर्यंत खोचलेला. चौकात वडिलोपार्जित दोन शटरचं दुकान. एका शटरमध्ये त्याची बायको, म्हणजे आमच्या गंगावहिनी, किराणा विकायच्या. साखर, चहापत्ती, तेल, आगपेटी. वहिनींनी त्यात कधी एक बरणी इकडची तिकडं केली नाही आणि गिऱ्हाईक कधी हललं नाही. दुसरं शटर आप्पाचं. त्या शटरमागं त्याच्या डोक्यासारखीच मोठी मोकळी जागा होती, कंपाउंड घातलेली. शटरमध्ये काय विकलं जातं हे सकाळी उठून बघावं लागायचं.

आप्पाची रीत उलटी होती. बाकीचे आधी माल भरतात, मग पाटी लावतात. हा आधी पाटी लावायचा. म्हणायचा, "पाटी वाचून गिऱ्हाईक काय मागतंय ते बघू, तोच माल आणू." पत्र्याची पाटी एकच, तीच पुसून तीच रंगवायची. रंगाचे थर बसून बसून ती इतकी जड झाली होती की उतरवायला दोघं लागायचे. मी शिडीवर, आप्पा खाली शिडी धरून, आणि अर्धं नाव लिहून झालं की खालून आवाज, "पेंटर, थांब. डोकं जरा दुसरीकडं चाललंय." मी शिव्या द्यायचो. त्याला त्या ऐकू जायच्या नाहीत.

एक धंदा होता हेल्मेटचा. बीडच्या रस्त्याला पोलीस उभे राहायला लागले तेव्हाची गोष्ट. आप्पानं पाटी लावली, "हेल्मेट भाड्याने मिळेल." लोक लई खूश. हेल्मेट घ्यायचे, घालायचे, बीडला जायचे. परत द्यायचं कुठं, हे मात्र आप्पानं ठरवलंच नव्हतं. लोक संध्याकाळी दुसऱ्या रस्त्यानं घरी. मग आप्पा एसटीनं बीडला जाऊन बाजारात फिरायचा आणि ओळखीचं हेल्मेट दिसलं की त्याच्या मागं पळायचा. एकदा एका माणसाच्या डोक्याचं हेल्मेट त्यानं खसकन ओढलं आणि ते त्या माणसाचंच निघालं. धंदा तिथं मिटला.

त्याच्यापेक्षा मला आवडलेली पाटी म्हणजे "जागे करून मिळेल." एसटीत झोप लागून लोकांचं उतरायचं ठिकाण चुकतं, हे आप्पाच्या मनात बसलं. तर येणाऱ्या प्रत्येक गाडीत चढायचं, थाळी वाजवायची, "मांजरसुंबा आलं" म्हणून ओरडायचं आणि उतरणारा खुशीनं जे देईल ते घ्यायचं. आता बघा, ज्याला मांजरसुंब्याला उतरायचं असतं तो आधीपासूनच पिशवी मांडीवर घेऊन बसलेला असतो. झोपलेला असतो तो लांबचा. थाळीच्या आवाजानं लातूरचे, अंबाजोगाईचे लोक दचकून उठायचे, घाबरून खाली उतरायचे आणि गाडी निघून जायची. चौकात त्या आठवड्यात परगावचे लोक इतके साठले की धाब्यावाल्यांनी आप्पाचा सत्कार करायचं ठरवलं. कंडक्टर लोकांनी मात्र त्याला गाडीत चढायला बंदी केली.

आप्पाला यातलं काही हरल्यासारखं वाटायचं नाही. "चुकलं कुठं ते कळलं ना, मंग झालं," म्हणायचा, आणि मला चहा पाजायचा. चहासुद्धा वहिनींच्या दुकानातला.

त्यांचा पोरगा महेश. पोरगा गुणी, पण बापाची लाज वाटणारा. कॉलेजात मित्र विचारायचे, "तुझ्या वडिलांचं दुकान कशाचं हाय बे?" तर त्याला उत्तर देता यायचं नाही, कारण कालचं उत्तर आज चालत नव्हतं. त्याच्या मनात ते दुसरं शटर मोबाईलच्या शोरूमला द्यायचं होतं. वहिनी त्याला गप्प बसवायच्या. "ह्यांना कुठं बसवू मग? माझ्या गल्ल्यावर?" म्हणायच्या. म्हणून ते शटर वाचलं होतं.

असं बरं चाललेलं असताना ती मॅडम आली.

कुठल्याशा विद्यापीठाची पीएच.डी. करणारी पोरगी होती, डोळ्याला चष्मा, हातात कागदांची चळत. छोट्या दुकानदारांचा अभ्यास करत होती. मी शिडीवर होतो, म्हणून सगळं ऐकलं. ती म्हणाली, "काका, आम्ही उद्योजकीय अभिमुखतेचा व्यवसायाच्या कामगिरीवर काय परिणाम होतो ते बघतोय."

आप्पा म्हणाला, "कशाचा?"

तिनं समजावलं. नवीन काही करायची ओढ, धोका घ्यायची तयारी आणि दुसऱ्याच्या आधी पाऊल टाकायची सवय, हे सगळं मिळून ते नाव. आप्पा तिच्याकडं बघतच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याकडं सरळ बघत होतं. तो मला वर म्हणाला, "पेंटर, ऐकलं का? ह्याला नाव हाय. आमच्या घरी ह्याला येडपणा म्हणतेत."

मग प्रश्न सुरू झाले. नवीन प्रयोग करता का? एकपासून पाचपर्यंत सांगा. पाच. धोका घेता का? पाच. इतरांच्या आधी सुरुवात करता का? आप्पा म्हणाला, "सहा हाय का?" पोरीचा चेहरा फुलला. इतकी पाचं तिला अख्ख्या जिल्ह्यात मिळाली नव्हती. मग तिनं पान उलटलं. गेल्या तीन वर्षांत व्यवसायाची विक्री वाढली का?

"कुठल्या व्यवसायाची?" आप्पानं विचारलं.

"म्हणजे हाच, जो आता आहे तो."

"ह्यो सोमवारी सुरू झालाय."

ती गोंधळली. त्याच्या आधीचा विचारला, तर तो पोळ्याला बंद झालेला. कागदावर तीन वर्षं टिकलेला धंदाच पाहिजे होता, आणि तसा तो आप्पाच्या नावावर एकही नव्हता. शेवटी ती शेजारच्या शटरकडं वळली. वहिनी साखर मोजत होत्या. नवीन काय करता? वहिनी म्हणाल्या, "केरसुणी झिजली की नवी आणते." धोका घेता का? वहिनींनी जरा विचार केला. "एकदा ह्यांना दुकानावर बसवून माहेरी गेलते." विक्री वाढली का? "व्हय, दरसाल."

मॅडमनं तो कागद जपून घेतला, आणि आप्पाचा मात्र बाजूला काढून त्यावर काट मारली. म्हणाली, "काका, सॉरी. तुमचा धरता येणार नाही." मोठ्या आदबीनं म्हणाली हो, पण म्हणाली.

आप्पाला आयुष्यात पहिल्यांदा काही लागलं असेल तर ते. हेल्मेटं गेली, कंडक्टरनं गचांडी धरली, हसत होता. पण ह्या गोष्टीला नाव आहे असं ज्या बाईनं सांगितलं, तिनंच त्याला बाद केलं. तो दिवसभर कट्ट्यावर बसून होता. महेशनं संध्याकाळी ती संधी साधली. म्हणाला, "बघा आई, आता शिकलेल्या माणसांनीपण सांगितलं. शटर देऊन टाकू." आणि वहिनींनाही तिथं नवरा सगळ्यांसमोर नापास झाल्याचं वाईट वाटलं असावं. त्या बोलून गेल्या.

"ह्या पाडव्याला जो धंदा पूजताल, तो पुढच्या पाडव्याला त्याच पाटीखाली पूजून दावा. एक धंदा दोन पाडवे बघू द्या. न्हाईतर शटरची किल्ली म्हेशची."

दिवाळीचा पाडवा म्हणजे आमच्या चौकात सगळ्या दुकानांची पूजा. आप्पाचा एकही धंदा दोनदा पूजला गेला नव्हता, हे चौकातलं कुत्रंसुद्धा जाणत होतं. पण आप्पा म्हणाला, "कबूल." आणि तिथून उठून थेट माझ्याकडं आला.

पाटी अशी होती. "श्री मेंढी लॉज. राहण्याची उत्तम सोय. दर माफक. फक्त फॅमिलीसाठी."

मी म्हणालो, "आप्पा, मेंढ्यांना फॅमिली कावून?"

"एकट्या मेंढक्यानं येऊन गोंधळ घालायला नको."

त्याचा विचार असा. पाऊस संपला की धनगरांचे कळप डोंगरावरून खाली निघतात, चौकातून चकलांब्याकडं, गोदाकाठच्या गंगथडीला जातात. वाटेत रात्र कुठं काढतात? उघड्यावर. माणसाला लॉज आहे, मग मेंढराला कावून नसावा? त्यानं मागच्या मोकळ्या जागेत पाण्याचा हौद बांधला, पत्र्याचं छप्पर टाकलं, एक बल्ब लावला. पाडव्याला पूजा झाली. वहिनींनी नारळ फोडला आणि कुणाकडंही बघितलं नाही.

आता ही चूक वाण्याच्या पोटी जन्मलेला माणूसच करू जाणे. ज्याची दोन एकर का होईना जमीन आहे, त्याला विचारा, मेंढरं रात्री शेतात बसवायची असली की पैसे कोण देतं? शेतकरी देतो, धनगराला. कारण रात्रभरात जे खत पडतं ते बाजारात मिळत नाही. त्यासाठी लोक धनगराची वाट बघत असतात, जवारी देतात, जेवायला घालतात. आप्पाच्या सात पिढ्यांत कुणाला शेत नव्हतं. त्याला वाटलं, बिचाऱ्या धनगराला जागा मिळत नाही.

पहिला कळप आला तो बिरूबाचा. पटका, खांद्यावर घोंगडं, मिशा पांढऱ्या. दिवस मावळतीला आला होता. आप्पा रस्त्यात आडवा झाला आणि हात जोडून आत बोलवू लागला. बिरूबानं हौद बघितला, छप्पर बघितलं, बल्बकडं बघून जरा हसला. म्हणाला, "जागा बेस हाय. काय देताल?"

"कोण?"

"तुमी."

"मी कशाला देऊ? तुमी द्यायचं. दर पाटीवर हाय."

"मेंढरं माझी, आन मीच देऊ?"

"लॉज माझा, आन मी देऊ?"

दोघंही खरं बोलत होते. म्हणून भांडण संपेना. बिरूबानं आयुष्यात कुणाला मेंढरं बसवायचे पैसे दिले नव्हते, आणि आप्पानं आयुष्यात कुठल्या लॉजवाल्यानं गिऱ्हाइकाला पैसे दिलेले ऐकले नव्हते. तिकडं मेंढरं कंटाळली. एक बसलं, त्याच्याशेजारी दुसरं बसलं, आणि बघता बघता अख्खा कळप हायवेवर मान टाकून बसला. चारी रस्त्यांची वाहतूक तटली. ट्रकवाले हॉर्न वाजवायला लागले, त्याचं मेंढरांना काही नव्हतं. शेवटी चौकातला हवालदार आला आणि म्हणाला, "आप्पा, ह्ये सगळं आत घ्या, मग तुमी दोघं काय मारामारी करायची ती करा."

मेंढरं आत गेली. बिरूबा मात्र दारात बसून राहिला. "मी फुकट बसवत न्हाई. आमच्यात तसं चालत न्हाई." शेवटी वहिनी उठल्या, सुपात जवारी घेतली आणि त्याच्या घोंगड्यावर ओतली. आप्पा डोकं धरून बसला. लॉज सुरू झाला आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला मालकानं भाडं दिलं.

सकाळी कळप निघून गेला आणि मागं जमिनीवर लेंड्यांचा काळा थर. आप्पा झाडू घेऊन उभा, कुठं टाकावं या विचारात. तेवढ्यात लिंबागणेशचा एक शेतकरी चहाला थांबला होता, त्यानं कंपाउंडवरून डोकावून बघितलं आणि तिथंच बैठक मारली. "ह्ये मला द्या. सांगताल ती किंमत." आप्पाला वाटलं तो चेष्टा करतोय. शेतकऱ्यानं ट्रॅक्टर बोलावला.

पुढचं सगळं आपोआप झालं. बिरूबानं वाटेवर सगळ्यांना सांगितलं, मांजरसुंब्याला एक वाणी आहे, त्याला रान नाही तरी मेंढरं बसवतो, वर जवारी देतो आणि लाइटपण लावतो. झालं, कळपामागं कळप. जाताना थांबायचे, येताना थांबायचे. मागच्या जागेत लेंडीखताचा डोंगर उभा राहिला. पेरणीच्या आधी लोक पोत्यांसाठी रांग लावायला लागले. पाटीवर लॉज लिहिलेलं असल्यामुळं अधूनमधून एखादा ट्रक ड्रायव्हर रूम विचारायला यायचा आणि वास घेऊन परत जायचा, तेवढंच काय ते नुकसान. बाकी धंदा असा चालला की चौकातले लोक आप्पाला शेठ म्हणायला लागले. महेश मित्रांना सांगायला लागला, आमच्या वडिलांचा सेंद्रिय खताचा व्यवसाय आहे.

आणि आप्पा? आप्पाला काही काम उरलं नाही. पोतं द्यायचं, पैसे घ्यायचे. काही बदलायचं म्हटलं तर सगळे अंगावर यायचे. एकदा त्यानं हळूच म्हटलं, खताची वडी करून कागदात गुंडाळली तर? महेश म्हणाला, "आप्पा, पाडवा लक्षात हाय ना?" आप्पानं पुढचं पोतं उचललं. उन्हाळ्यात तो दुपारी झोपायला लागला. मी जाता जाता विचारायचो, "काय आप्पा, कसं काय?" तर म्हणायचा, "चाललंय." सरळ, इतर दुकानदार म्हणतात तसं. मला ते ऐकून कसंतरी व्हायचं. माझी तर कमाई बंद झाली होती म्हणा, पण नुसतं त्यामुळं नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी वहिनी माझ्या घरी आल्या. त्या कुणाच्या घरी जात नसत. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "पेंटर, उद्या सकाळच्याला पाटी पांढरी करा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हणालो, "वहिनी, उद्याच तर पूजा आहे. एका रात्रीचा प्रश्न. आप्पा जिंकला."

"जिंकलेत म्हणूनच म्हणते." मग म्हणाल्या, "काल मला विचारलं, आज भाजी काय हाय म्हणून. लगीन झाल्यापासून ह्या माणसाला आपण काय खातोय ह्येचा पत्ता नसायचा. ताटातली भाजी संपली तरी बोलणं संपत नव्हतं. आता भाजी विचारतेत, खातेत आन भिताडाकडं बघत बसतेत. मला भ्या वाटायलंय, पेंटर."

मी सकाळी गेलो आणि पाटी पांढरी केली. खाली शिडी धरायला कुणी नव्हतं.

आप्पा नवा सदरा घालून पूजेला आला आणि वर बघून थबकला. मला विचारलं, "कावून पुसली बे?" मी म्हणालो, वहिनींनी सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, शटर गेलं. तो पायरीवर बसला. महेश फुलांचा हार घेऊन आला, तोही वर बघून गडबडला. "आई, पाटी कुठंय? मग पूजा कशाची करायची?"

वहिनी ताट घेऊन बाहेर आल्या. निरांजन, कुंकू, अक्षता. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते, तशा त्या आप्पासमोर उभ्या राहिल्या, तिथंच दुकानाच्या पायरीवर, चौकातल्या सगळ्यांदेखत.

"दोन पाडवे टिकणारा धंदा दावा म्हणले मी. चुकले," त्या म्हणाल्या. "ह्यांचा धंदा एकच. रोज नवं डोकं चालवायचं. दर पाडव्याला मी त्यालाच ओवाळत आलेय. तो कधी बंद पडला नव्हता, ह्या वर्षी पडला. म्हेश, खताची पोती तू बघायची, मागच्या दारानं. शटर ह्यांचं."

महेश बापाकडं बघत राहिला. मग त्यानं हार आईच्या ताटात ठेवला आणि बाजूला झाला. त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले, खोटं कशाला बोलू.

आप्पाला मात्र हे सगळं नीट पोचलंच नव्हतं. तो उठला, वहिनींनी कुंकू लावलं, ओवाळलं, आणि तो ओवाळणी टाकायला खिसे चाचपायला लागला. नवा सदरा, खिसे रिकामे. मग त्यानं करगोट्याची शटरची किल्ली सोडली आणि ताटात ठेवली. म्हणाला, "घे. जे ठरलं ते ठरलं."

वहिनींनी किल्ली उचलून परत त्याच्या हातात कोंबली. "ही ओवाळणी मला चालत न्हाई. दुसरं काहीतरी टाका."

आप्पा त्या किल्लीकडं बघत उभा राहिला. मग वहिनींकडं बघितलं. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं तसं त्याच्या तोंडावर जे काही उमटलं, ते मला ब्रशनं काढता आलं नसतं. तो वळला, वहिनींच्याच दुकानात शिरला, त्यांच्याच ढेपेचा गुळाचा एक खडा फोडून आणला आणि ताटात टाकला.

"ह्ये माझ्याच दुकानातलं हाय," वहिनी म्हणाल्या.

"मंग? तुझा माल चांगला असतोय." आणि माझ्याकडं वळून, "पेंटर, ब्रश धुऊ नको. दुपारी नाव सांगतो. ह्या वेळंला जरा लांबचा इचार हाय."

त्या दुपारी मला लेकीकडं जावं लागलं, ती बाळंतीण झाली होती. मी तिकडून परत यायच्या आत थंडीतच आप्पा गेला, आणि मी माती द्यायलासुद्धा पोचलो नाही. ते नाव काय होतं ते कुणालाच ठाऊक नाही, वहिनींनासुद्धा नाही. माझ्या डोळ्यांपुढं आप्पा अजून तिथंच आहे, पायरीवर, कपाळावर विभूतीखाली कुंकू, एका हातात किल्ली आणि दुसऱ्या हातानं हवेत कसलीतरी लांबीरुंदी मोजत महेशला काहीतरी सांगतोय. आणि त्याच्या मागं वहिनींनी तो गुळाचा खडा ताटातून उचलला, सवयीनं काट्यावर ठेवला, वजन बघितलं, आणि पदर तोंडाला लावून हसत बसल्यात.